आधी टीव्ही, मग गच्ची

उत्तम बनसोडे यांच्या डोळ्यांत औषध गेल्याला तीन महिने होत आले होते, आणि फोनवर ते लेकीला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते. घरातली समोरची भिंत त्यांना दोन तऱ्हांनी दिसत होती. कधी स्वच्छ पांढरी, तर कधी मधोमध कुणी ओला हात पुसल्यासारखी काळपट. भिंत तीच, उजेड तोच आणि बसायची खुर्चीसुद्धा तीच.

उत्तमराव सोलापूर आगारात एसटीचे चालक होते. रात्रीच्या गाडीवर समोरच्या वाहनाचा दिवा डोळ्यांवर येऊन गेला की पुढचा रस्ता बराच वेळ काळाच राहतो, हे लक्षात आलं तेव्हा ते स्वतःच आगारप्रमुखांकडे गेले आणि स्टिअरिंग सोडलं. आजार जन्मानंच आलेला होता. डोळ्याच्या पडद्यावरच्या, उजेड टिपणाऱ्या पेशी कडेकडेनं मरत आत सरकत होत्या. नजर आधी बोगद्यातून पाहिल्यासारखी झाली, मग नाण्याएवढी उरली, आणि लेक केतकी एम.एस्सी.ला असताना तीही गेली. त्यानंतर दहाएक वर्षं त्यांची बायको शालन बालवाडीतली मदतनिसाची नोकरी सांभाळून त्यांचा हात धरून चालत होती.

केतकी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत रेणूंची गणितं करायची. ज्या गटानं ‘प्रभा’ हे औषध घडवलं त्यात ती होती. कल्पना साधी होती. पडद्यावरच्या उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्या, तरी त्यांच्या मागच्या थरातल्या पेशी जिवंत असतात. त्यांच्या अंगावर बारीक दारं असतात, आणि ती उघडली की पेशी मेंदूला निरोप धाडते. प्रभाचा रेणू त्या दारात जाऊन बसायचा. उजेड पडला की वळायचा, दार उघडायचा, आणि पुढच्या क्षणी पुन्हा सरळ व्हायचा. या नजरेला रंग कळत नसत. पण माणूस, खिडकी, पायरी, ताटातली भाकरी, एवढं पांढऱ्या-काळ्यात नीट दिसायचं. चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात दोनशेएक रुग्ण घेतले होते. सोलापूरच्या रुग्णालयानं निवडलेल्यांत उत्तमराव होते. आपलं नातं केतकीनं संस्थेला आधीच कळवलं होतं, आणि रुग्णांच्या तपासण्यांपासून तिला लांब ठेवलं होतं.

तेव्हा भिंतीची तक्रार तिनं सुरुवातीला मनावर घेतली नाही. रुग्णालयातल्या डॉ. नसीमा बागवान यांनी उत्तमरावांना सांगितलं होतं की लख्ख उजेडातून आत आलं की सगळ्यांनाच जरा वेळ अंधारी वाटते. उत्तमरावांना ते पटलं नव्हतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, “केतकी, ऐक. सकाळी मी थोडा वेळ टीव्ही बघतो आणि थोडा वेळ गच्चीवर बसतो. आधी टीव्ही आणि मग गच्ची केली, तर डाग येतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत जात नाही. आधी गच्ची आणि मग टीव्ही केला, तर काहीच नाही. दोन्हीकडं वेळ तेवढाच घालवतो. मग असं का होतंय?”

केतकी हातातला चहा तसाच धरून बसली. दमणाऱ्या डोळ्याला उजेड किती पडला याच्याशी मतलब असतो. आधी कुठला आणि नंतर कुठला, याच्याशी त्याला काय करायचंय?

त्यानंतर त्या दोघांचे फोन वाढले. वडिलांची नजर गेल्यापासून त्यांचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘औषध घेतलंत का’ यांवर आटोपत असे. तिला वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं म्हणूनच ती फोन टाळायची. आता मात्र उत्तमराव रोज काहीतरी करून बघायचे आणि सांगायचे. मोबाइलचा पडदा टीव्हीसारखाच वागत होता. पहाटे देवळाबाहेरच्या जुन्या पिवळ्या दिव्याखाली बसून मग उन्हात गच्चीवर गेलं तर डाग येत नव्हता. निळसर उजेड आधी आणि ऊन नंतर, हा एकच क्रम खोडी करत होता. शालनताई वैतागल्या होत्या. नवरा सकाळभर कधी गच्चीवर कधी खाली असा चढउतार करतो आणि शेजारीपाजारी विचारतात, अशी त्यांची तक्रार होती. केतकीला बऱ्याच वर्षांत एवढी मजा आली नव्हती.

पण क्रमाचा हा प्रश्न तिला तिच्याच कामाच्या मुळाशी घेऊन गेला.

एका रेणूत शेकडो इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येकाचं वागणं बाकीच्या सगळ्यांवर अवलंबून असतं. त्या सगळ्यांचा एकत्र माग काढणं कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं असतं. म्हणून शास्त्रज्ञांनी एक सोय शोधली होती. इलेक्ट्रॉन सुटे न मोजता त्यांचा मिळून जो ढग होतो, तो कुठे दाट आणि कुठे विरळ आहे एवढंच बघायचं. तो ढग काळाबरोबर कसा बदलतो हे कळलं की रेणूबद्दलचं सगळं काही कळू शकतं, हे गणितानं सिद्ध झालेलं होतं. मात्र त्यात एक अट होती. ढगाचा आत्ताचा आकार पुरत नाही. तो सुरुवातीला कसा होता आणि कुठकुठून फिरून इथवर आला, हेही लागतं. इलेक्ट्रॉनांना मागचं आठवत असतं, असं म्हणा ना. ते आठवणीचं पद समीकरणात लिहिणं फार अवघड होतं, म्हणून सगळे ते गाळायचे आणि फक्त समोरच्या क्षणावर हिशेब करायचे. बहुतेक वेळा उत्तर बरोबर यायचं. प्रभाचा रेणू असाच, आठवण गाळलेल्या गणितानं घडवला होता.

झोपाळ्याचा एक फोटो घेतला आणि त्यात झोपाळा अगदी मधोमध, खाली असला, तर तो थांबलेला आहे की भरधाव चालला आहे हे फोटोवरून सांगता येत नाही. केतकीला शंका आली ती अशीच. निळा उजेड पडून वळलेला आणि पुन्हा सरळ झालेला रेणू आणि रात्रभर शांत राहिलेला रेणू, या दोघांचा ढग हुबेहूब सारखा दिसत असेल. पण आतून ते सारखे नसतील, आणि वरून ऊन पडलं की दोघं वेगवेगळ्या वाटांनी जातील.

संस्थेत नव्या पुंज (क्वांटम) संगणकावर प्रत्येक गटाला थोडा वेळ मिळत असे. त्यावर आठवणीचं पद न गाळता गणित करणं नुकतंच शक्य झालं होतं. केतकीनं दुसऱ्या एका कामासाठी ठेवलेला आपला वेळ प्रभावर खर्च केला.

उत्तर आलं तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच होती. तिची शंका खरी निघाली होती. निळ्या उजेडानंतर ऊन पडलं की काही रेणू भलत्याच बाजूला वळत होते. हे तिसरं रूप दारातच अडकून बसत होतं, दार अर्धवट उघडं ठेवत होतं. भिंतीवरचा डाग तोच होता. क्षणभर तिला इतका आनंद झाला की तिनं वडिलांना फोन लावायला घेतला. मग तिनं पुढचे आकडे वाचले आणि फोन खाली ठेवला. दार सतत अर्धवट उघडं राहिलं तर मागची पेशी थकून मरणार होती. वर्ष-दीड वर्षात मागचा थरही संपला असता, आणि मग औषध बसवायला डोळ्यांत जागाच उरली नसती. ना हे औषध, ना पुढे कधी येणारं.

गटाचे प्रमुख रेगे सर यांना तिनं दुसऱ्याच दिवशी सगळं दाखवलं. आठवण गाळलेली पद्धत सरांनीच या रेणूसाठी बसवली होती, पण ते चिडले नाहीत. त्यांनी दुपारभर तिचे आलेख पुढेमागे करून बघितले, खोचक प्रश्न विचारले, दोन ठिकाणी तिची चूक काढली. त्यांचं म्हणणं होतं की हे गणित अजून कुणी पडताळलेलं नाही, आणि दोनशे माणसांना नुकतीच नजर आली आहे.

“तुझं गणित चुकलं असेल तर आपण त्या सगळ्यांना उगाच अंधारात पाठवू,” ते म्हणाले. “आणि बरोबर असून आपण गप्प बसलो तर कायमचं पाठवू. मला यातलं कुठलंच नको आहे. मला डोळ्यातलं माप आणून दे. तोपर्यंत नव्या रुग्णांची इंजेक्शनं मी थांबवतो.”

माप घेता येत होतं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग, एवढ्या वेळापुरते लेसरचे झोत डोळ्यात सोडले की तिसरं रूप स्वतःचा वेगळा मंद उजेड देणार होतं. डोळ्याला इजा नव्हती. पण त्या झोतांनी त्या डोळ्यातलं सगळं औषध मोडून जाणार होतं. म्हणजे माप देणाऱ्याचा तो डोळा पुन्हा आंधळा होणार, आणि केतकीचं गणित खरं निघालं तर बहुधा तसाच राहणार, कारण मग हे औषध पुन्हा दिलं जाणार नव्हतं. रुग्णालयांनी सगळ्या रुग्णांना हे समजावून सांगितलं आणि कुणी तयार आहे का, असं विचारलं.

वडिलांना रुग्णालयाकडून कळण्याआधी केतकीनं स्वतः फोन केला. उत्तमरावांनी नेहमीप्रमाणे आधी सगळं विचारून घेतलं. झोपाळ्याचं उदाहरण त्यांना आवडलं. मग त्यांनी विचारलं की काहीच केलं नाही तर किती दिवस दिसेल. तिनं सांगितलं.

“दीड वर्ष,” ते म्हणाले. “आणि मी म्हटलं, मला तेवढंच द्या, नंतरचं नंतर बघू, तर?”

“तर तो तुमचा हक्क आहे, पप्पा. पण मग नंतर काही उरणार नाही.”

“नंतर म्हणजे काय, माहितेय का तुला? दहा वर्षं मी ‘नंतर, नंतर’च करत होतो.”

त्यांनी फोन ठेवला. केतकीनं परत लावला नाही, त्यांचाही आला नाही. ती रोज कामाला जायची आणि आपल्याच गणितात चूक सापडावी म्हणून ते पुन्हा पुन्हा तपासायची. एवढ्या वर्षांच्या कामात आपलं उत्तर खोटं ठरावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. आठवडाभरानं डॉ. बागवान यांचा फोन आला. दोन रुग्ण तयार झाले होते, बार्शीच्या एक शिक्षिका आणि उत्तम बनसोडे. उत्तमरावांनी डावा डोळा देऊ केला होता.

ती त्याच दिवशी सोलापूरला निघाली. घरी पोचली तेव्हा उत्तमराव दारातच बसले होते. त्यांनी तिला लांबूनच ओळखलं, आणि चालत येताना ती उजवा खांदा खाली टाकते, बॅग बदल, असं सांगितलं. चहा झाल्यावर शालनताई भाजी आणायला गेल्या, तेव्हा ते आपणहून बोलले.

“तुझ्यावर राग धरला असं वाटलं असेल तुला. राग नव्हता. तुझं गणित खोटं ठरावं, असं वाटत होतं. अजून वाटतंय. म्हणूनच माप द्यायचंय मला. नुसतं बसून वाट बघायची, तर रोज ती भिंत बघून जीव जाईल माझा.”

“मलाही ते खोटं ठरावं असंच वाटतंय,” केतकी म्हणाली.

उत्तमराव हसले. “मग दोघंही एकाच बाजूनं आहोत की.”

माप घेताना नात्यामुळे केतकीला आत थांबता येणार नव्हतं. ती रुग्णालयाच्या बाकावर आईशेजारी बसून राहिली. शालनताईंनी तिला एवढंच विचारलं की दुखेल का. दुखणार नव्हतं. उत्तमराव बाहेर आले ते डाव्या डोळ्यावर हात ठेवून. त्यांनी हात काढला, डोळा उघडा ठेवून इकडेतिकडे मान वळवली, आणि शालनताईंचा हात धरला. उजवा डोळा चांगला होता तरी ते गेटपर्यंत तसेच, हात धरूनच चालले.

मापं पुण्यात आली आणि कोडं आणखी अवघड झालं. बार्शीच्या बाईंच्या डोळ्यात तिसरं रूप जवळजवळ केतकीच्या आकड्याएवढंच निघालं. उत्तमरावांच्या डोळ्यात मात्र ते फारच कमी होतं, आकड्याच्या जेमतेम पावपट. आणि त्यांनी तर टीव्ही-गच्चीचे प्रयोग करून करून डोळ्यांना सगळ्यांहून जास्त छळलं होतं. रेगे सर म्हणाले की गणित बरोबर आहे, हे आता मान्यच करायला हवं, पण ते अपुरं आहे. कुठेतरी रूपं परत सरळ होत आहेत, आणि तुझ्या गणितात ती होत नाहीत.

केतकीनं पुढचे दोन दिवस जेवणाखाणाकडे लक्ष दिलं नाही. मग तिला स्वतःचीच गंमत वाटली. जगानं आठवण गाळली म्हणून तिनं एवढा खटाटोप केला होता, आणि स्वतःच्या गणिताची सुरुवात मात्र तिनं सगळ्यांसाठी एकच धरली होती. तिच्या कागदी रुग्णाचे डोळे सकाळी उघडत आणि रात्री मिटत. खऱ्या माणसाचा दिवस तसा असतोच असं नाही. तिनं वडिलांना फोन केला आणि उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, ते सविस्तर विचारलं. दुपारी जेवल्यावर ते डोळ्यांवर ओला पंचा टाकून चांगले तीन-चार तास पडून राहत. गाडी चालवायचे तेव्हा लांबच्या फेरीनंतर असं पडायची सवय लागली होती, ती सुटली नव्हती. बार्शीच्या बाई दुपारी शिकवण्या घेत होत्या.

या वेळी तिनं तिसऱ्या रूपाला मधल्या अंधारासकट मोजलं. तिसरं रूप झालं आणि त्यावर लगेच आणखी उजेड पडत राहिला तर ते तिथंच रुतून बसत होतं. पण ते झाल्यावर लवकरच पुरेसा, सलग अंधार मिळाला तर इलेक्ट्रॉनांची ती चुकीची आठवण हळूहळू पुसली जात होती आणि रेणू सरळ होत होता. उत्तमरावांच्या सकाळच्या उचापतींची भरपाई दुपारचा पंचा करत होता. रात्रीच्या अंधाराची तेवढी मदत नव्हती, कारण तोवर फार उशीर झालेला असे.

पुढचं सगळं सावकाश झालं. आणखी काही रुग्णांची मापं घेतली, डॉक्टरांच्या आणि नीतिसमितीच्या बैठका झाल्या. शेवटी ठरलं की प्रभा बंद करायचं नाही, पण ते रेशनवर घ्यायचं. सलग दोन तास उघडे डोळे, मग काळी पट्टी. दिवसातून एकदाच. बाकी सगळा वेळ अंधार. नवा रेणू घडेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार वर्षं, ज्याला नजर टिकवायची आहे त्यानं हे पाळायचं. रेणू घडवण्याचं काम रेगे सरांनी केतकीकडे दिलं. आपली जुनी पद्धत त्यांनी स्वतःच्या हातानं मोडीत काढली, आणि तिला म्हणाले की आता चुका तुझ्या असतील, मी काढत बसेन.

दोन तास कुठले घ्यायचे हे ज्यानं त्यानं ठरवायचं होतं, पण एकदा ठरवले की बदलायचे नाहीत. यावर घराघरांत काय काय झालं ते डॉ. बागवान केतकीला सांगत. बार्शीच्या बाईंनी पहाट घेतली, कारण तेव्हा मुलगा परदेशातून व्हिडिओवर येई. एका गृहस्थांनी रात्रीच्या जेवणाची वेळ घेतली. घरातले सगळे फक्त तेव्हाच एका जागी बसत. एका तरुणानं औषधच नाकारलं. रोज बावीस तास थांबणं आपल्याला जमणार नाही, त्यापेक्षा अंधाराची सवय बरी, असं तो म्हणाला. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही.

उत्तमरावांच्या डाव्या डोळ्यालाही औषध पुन्हा मिळालं. त्यांनी कुठली वेळ घेतली हे मात्र त्यांनी फोनवर सांगितलं नाही. येशील तेव्हा बघ, म्हणाले.

नव्या रेणूच्या पहिल्या गणितातून मोकळी झाल्यावर केतकी घरी गेली. एप्रिल होता. सोलापूरचं ऊन ऐन भरात होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत पंखा फिरत होता, खाटेवर आई झोपली होती, आणि खाटेशेजारी लाकडी खुर्चीवर वडील बसले होते. पट्टी कपाळावर सरकवलेली होती. ते काहीच करत नव्हते. केतकीला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारचं स्टूल दाखवलं.

ती बसली. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, “या वेळेला बघण्यासारखं काय असतं, पप्पा? बाहेर तर कुणी नसतं.”

“जागी असली की बघू देत नाही ती,” उत्तमराव कुजबुजले. “तोंड फिरवते, नाहीतर पदर घेते. म्हणते, तुमची नजर गेली तेव्हा मी बरी होते, आता काय बघायचं राहिलंय. दिसायला लागल्यापासून हेच चाललंय तिचं. बालवाडीतून येते, जेवते आणि एवढा वेळ गाढ झोपते.”

केतकीनं आईकडे बघितलं. केस बरेच पिकले होते. गालावर उशीची घडी उमटली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. दर खेपेला घरी आल्यावर आई दिसायची, पण असं नुसतं तिच्याकडे बघत कधी बसली होती, ते तिला आठवेना. ती पुण्याच्या गोष्टी सांगायला आली होती. नव्या रेणूचं पहिलं उत्तर चांगलं आलं होतं. ते नंतर सांगता येईल, असं तिला वाटलं.

खाट करकरली. शालनताईंनी डोळे न उघडताच कूस बदलली आणि झोपेतच विचारलं, “किती वाजले हो?”

उत्तमरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यांची वेळ संपायला थोडीच मिनिटं राहिली होती, आणि शालनताईंची उठायची वेळ तर केव्हाच होऊन गेली होती.

“झोप अजून,” ते म्हणाले. “खूप वेळ आहे.”